वेबसाइट केली, पण गूगलला दिसेना

(लोणावळ्यात होमस्टे, फार्महाऊस आणि छोटी दुकानं चालवणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटची प्रश्नोत्तरं निवडक आहेत.)

मी तळेगावात राहते आणि वेबसाइटच्या दुरुस्तीचं काम करते. नव्या वेबसाइट बनवत नाही, बनवलेल्या बिघडल्या की माझ्याकडे येतात. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं बिघाडांवरूनच शिकलेलं आहे.

एक गोष्ट सांगते. आमच्या नात्यातले एक काका पवना धरणाच्या काठावर राहतात. भातशेती आहे, इंद्रायणी लावतात. घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढल्या आणि उतारावर पाच-सहा टेंट. गिऱ्हाईक यायचं ते सगळं बुकिंगच्या मोठ्या ॲपवरून, आणि प्रत्येक बुकिंगमागे कमिशन कापून जायचं. म्हणून त्यांनी मार्चमध्ये स्वतःची वेबसाइट करून घेतली. चांगले पैसे मोजले. वेबसाइट दिसायला छान होती. जून गेला, जुलै गेला, फोन एकही नाही. ऑगस्टमध्ये मला म्हणाले, "अगं, वेबसाइट आहे ना आपली, मग लोकांना सापडत का नाही?"

मी गूगलवर त्यांच्या होमस्टेचं नाव टाकलं. वर त्याच ॲपचं पान आलं, खाली दोन याद्यांची पानं आली, आणि त्यातल्या एका यादीत काकांच्या नावापुढे भलत्याच माणसाचा मोबाइल नंबर. हे दुसरं जास्त वाईट. आपल्याकडे भाड्याच्या बंगल्यांच्या खोट्या जाहिराती टाकून लोकांकडून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार झालेले आहेत, तुम्हाला माहीतच आहे. तुमचं नाव शोधल्यावर तुमचं स्वतःचं पान वर आलं नाही, तर ती जागा रिकामी राहत नाही, दुसरं कोणीतरी तिथे बसतं.

कारण काय निघालं, ते पुढे सांगते. आधी गूगल नेमकं करतं काय ते बघू, म्हणजे कारण लगेच लक्षात येईल.

तीन कामं आहेत. पहिलं, पान शोधून वाचायला जाणं, त्याला क्रॉलिंग म्हणतात. दुसरं, वाचलेलं आपल्या वहीत नोंदवणं, ते इंडेक्सिंग. आणि तिसरं, कोणी काही विचारलं की वहीतली पानं क्रमाने लावून दाखवणं, म्हणजे रँकिंग. लोक माझ्याकडे येतात ते तिसऱ्याची तक्रार घेऊन. "आम्ही दहाव्या पानावर का?" पण नव्या वेबसाइटचा घोळ बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच असतो. वहीत नावच नाही, तर क्रमांक कुठून मिळणार?

वहीत नाव आहे की नाही, हे घरबसल्या कळतं. गूगलच्या खोक्यात इंग्रजीत साइट हा शब्द लिहा, लगेच कोलन द्या आणि मोकळी जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची जी पानं गूगलला माहीत आहेत त्यांतली बरीचशी दिसतील. हा हिशेब अंदाजाचा असतो. पक्का हिशेब सर्च कन्सोल नावाच्या फुकट साधनात मिळतो. तिथे वेबसाइट आपल्या मालकीची आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं, मग एकेक पान तपासून ते वहीत आहे का आणि नसेल तर का नाही, हे स्पष्ट सांगितलं जातं. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर सर्च कन्सोल सुरू करा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आता काकांचं कारण. वेबसाइट वर्डप्रेसवर होती. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'रीडिंग' म्हणून एक पान आहे. त्यात खाली एक छोटा चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशा अर्थाचा. वेबसाइट बनत असताना हा चौकोन टिक करून ठेवतात आणि ते बरोबरच आहे, अर्धवट बांधकाम लोकांना कशाला दाखवायचं? काम संपल्यावर ती टिक काढायची असते. काकांच्या वेबसाइटची टिक काढायची राहून गेली. बस, एवढंच. पावसाळ्याचा अख्खा हंगाम एका टिकेवर गेला. बनवणाऱ्या मुलाला मी दोष देत नाही. मीही एकदा हेच केलंय, आणि ते गिऱ्हाईक अजून मला ऐकवतं.

ती टिक करते काय, तर प्रत्येक पानाच्या डोक्यात, आपल्याला न दिसणाऱ्या भागात, 'नोइंडेक्स' असा शेरा घालते. गूगलचा यंत्रमानव येतो, शेरा वाचतो आणि नोंद न करता निघून जातो. अगदी आज्ञाधारक असतो.

याच्याशी नेहमी गल्लत होते ती दुसऱ्या एका गोष्टीची, रोबॉट्स नावाच्या फाइलची. ही साधी मजकुराची फाइल वेबसाइटच्या मूळ पत्त्यावरच ठेवायची असते, आतल्या फोल्डरमध्ये ठेवली तर कोणी बघत नाही. ही पद्धत १९९४ पासून आहे. मार्टिन कोस्टर नावाच्या माणसाने सुचवली, सगळ्यांनी आपखुशीने पाळली, आणि तिला रीतसर मानकाचा दर्जा मिळाला तो थेट २०२२ मध्ये. त्या फाइलीत लिहायचं की अमुक भागात येऊ नका.

फरक नीट बघा. रोबॉट्सची फाइल म्हणजे फाटकावरची पाटी, 'आत येऊ नये'. नोइंडेक्स म्हणजे घरात भिंतीवर लावलेली चिठ्ठी, 'आमचं नाव नोंदवू नका'. आता कोणी हुशारीने दोन्ही केलं तर काय होईल? फाटकावरची पाटी वाचून यंत्रमानव बाहेरच थांबला, मग आतली चिठ्ठी त्याने वाचलीच नाही. आणि दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवर तुमच्या त्या पानाची लिंक असेल, तर तो नुसता पत्ता वहीत लिहूनही ठेवू शकतो, वर्णनाशिवाय. म्हणजे लपवायचं होतं ते दिसतं. एखादं पान गूगलमध्ये नकोच असेल तर फाटक उघडं ठेवा आणि आत चिठ्ठी लावा.

आणि हो, रोबॉट्सची फाइल म्हणजे कुलूप नव्हे. ती कोणालाही उघडून वाचता येते. एका ठिकाणी मी त्यात पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या फोल्डरचा पत्ता लिहिलेला बघितलाय, 'इथे येऊ नका' म्हणून! चोराला नकाशाच काढून दिला की. असलं काही वेबसाइटवर ठेवूच नका, ठेवावंच लागलं तर पासवर्डच्या मागे ठेवा.

पुढचा बिघाड: एकाच घराचे चार पत्ते. पत्त्याच्या आधी तीन डब्ल्यू लावून पान उघडतं, न लावताही उघडतं. एचटीटीपीने उघडतं, एचटीटीपीएसनेही उघडतं. दोन दुणे चार. आपल्याला ते एकच घर वाटतं, यंत्राला चार वेगळी घरं दिसतात, आणि मग त्यांतलं खरं कोणतं हे ते स्वतःच ठरवतं. एक पत्ता ठरवा आणि बाकी तिन्हींवरून कायमचं वळण द्या, त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. होस्टिंगवाल्याला एवढा शब्द सांगितला तरी तो करून देईल. ठरवताना एचटीटीपीएसच धरा. गूगलने २०१४ मध्ये त्याला क्रम ठरवताना थोडं वजन द्यायला सुरुवात केली, पण खरं कारण वेगळं आहे. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपीच्या पानावर 'सुरक्षित नाही' असा शेरा दाखवतो. तो शेरा बघून पुण्या-मुंबईचा माणूस तुम्हाला आगाऊ रक्कम पाठवेल का?

शिवाय फेसबुकवरून कोणी तुमची लिंक उघडली की पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि लांबलचक शेपूट लागतं. तोही यंत्राच्या लेखी नवा पत्ता. यावर उपाय म्हणून २००९ मध्ये 'कॅनॉनिकल' नावाची खूण आली. प्रत्येक पानात लिहून ठेवायचं की माझा मूळ पत्ता हा. वर्डप्रेस एकेकट्या पानांसाठी हे आपोआप करतं. हाताने बनवलेल्या साइटवर बघून घ्या.

आता आपल्या भागाची खास अडचण, नावं. रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर लोणावळ्याच्या स्पेलिंगमध्ये 'व्ही'नंतर 'ए' नाही. नगरपरिषदेच्या नावात आहे. पवनेचं तर 'व्ही'ने वेगळं, 'डब्ल्यू'ने वेगळं. मावळचंही तेच. लोक विचारतात, मग प्रत्येक स्पेलिंगचं वेगळं पान करू का? नका करू. एकसारखी पानं नुसती नावं बदलून टाकली तर गूगल ती फसवणुकीत धरतं. स्पेलिंगचे एवढे फेरफार त्याला कळतात. तुम्ही एक स्पेलिंग धरा, शक्यतो तुमच्या पाटीवर, बिलावर आणि गूगल मॅपवर आहे तेच, आणि सगळीकडे तेच वापरा.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का? ठेवता येतो, गूगलला त्याचं वावडं नाही. गंमत बघा मात्र. 'लोणावळा' या शब्दात काना-मात्रा धरून सात खुणा आहेत. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी खुणेला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा उतरतो. म्हणजे साता नवे त्रेसष्ट. व्हॉट्सॲपवर लिंक चिकटवली की सात खुणांच्या जागी कधीकधी ६३ अक्षरांचा भुसा दिसतो. माझं मत: पत्ता छोटा रोमन ठेवा, मजकूर खुशाल मराठीत लिहा. आणि मराठी पान वेगळं, इंग्रजी पान वेगळं ठेवा. एका परिच्छेदात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी अशी खिचडी नको, कारण गूगल पानाची भाषा समोर दिसणाऱ्या मजकुरावरूनच ओळखतं. दोन पानं एकमेकांची भाषांतरं आहेत हे सांगायला 'एचरेफलँग' नावाची खूण असते, ती दोन्ही पानांवर लागते. एकाच बाजूने लावली तर ती धरली जात नाही.

मराठीबद्दल अजून एक. काही जणांचा मजकूर जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला असतो, श्रीलिपी वगैरे. पत्रक छापलं होतं, तेच उचलून वेबसाइटवर टाकलं. आपल्याला फॉन्टमुळे मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. यंत्राला तो निव्वळ कचरा. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि दरपत्रकाचा फोटो काढून टाकणारे तर आपल्याकडे घरोघरी आहेत. पिठलं-भाकरी, मासवडी, चुलीवरचं चिकन, सगळं त्या फोटोत. ते पानावर टाइप करा हो. कोणीतरी 'पवना मासवडी' शोधतंय, आणि तुमची मासवडी चित्रात अडकून पडलीय.

पानाचं शीर्षक. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत आणि गूगलच्या निळ्या ओळीत जे दिसतं ते. अर्ध्या वेबसाइटवर तिथे नुसतं 'होम' असतं. काकांच्या साइटवर नुसतं 'इंद्रायणी' होतं, होमस्टेचं नाव. आता इंद्रायणी म्हटल्यावर गूगलने काय समजावं? नदी? तांदूळ? की पुण्याहून मुंबईला जाणारी एक्सप्रेस? मी तिथे नाव, होमस्टे हा शब्द आणि पवनाकाठच्या गावाचं नाव एवढं घातलं. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक हवं, खोल्यांच्या पानाला खोल्यांचं, टेंटच्या पानाला टेंटचं.

मोबाइलबद्दल थोडक्यात. गूगल आता तुमचं पान मोबाइलच्या नजरेने वाचतं. २०१६ मध्ये हे जाहीर झालं आणि जुलै २०२४ पासून सगळ्याच साइटना लागू आहे. म्हणजे काँप्युटरवर दिसणारा आणि मोबाइलवर जागा वाचवायला काढून टाकलेला मजकूर गूगलच्या लेखी नाहीच.

वेगाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगते, कारण ती आपल्या फोटोंशी जोडलेली आहे. पावसाळ्यातले फोटो आपण चांगल्या फोनवर काढतो, एकेक पाच-सहा एमबीचा, आणि पहिल्याच पानावर असे वीस. गूगलचं माप असं आहे: पानावरचा सर्वांत मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पानाने दाद द्यावी, आणि वाचता वाचता मजकूर उड्या मारू नये, त्या उड्यांचा आकडा ०.१ च्या आत राहावा. हे मोजलं जातं ते खऱ्या लोकांच्या फोनवर, आणि चारांपैकी तीन भेटींत जमलं पाहिजे. तुमच्या घरच्या वायफायवर पान झटकन उघडतं याला अर्थ नाही. तुमचं गिऱ्हाईक कामशेतचा घाट उतरताना, नेटवर्कचा एक दांडा शिल्लक असताना तुमचा रस्ता शोधत असतं. फोटो लहान करून टाका, वेबपी प्रकारात केलेत तर उत्तम. पानात फोटोची लांबी-रुंदी लिहा, म्हणजे मजकूर खाली ढकलला जात नाही. खालचे फोटो सावकाश उघडले तरी चालतात, पण वरचा पहिला फोटो त्या सावकाश उघडण्याच्या यादीत घालू नका. ही चूक फार जण करतात, आणि मग २.५ सेकंद कधीच जमत नाहीत.

साइटमॅपबद्दल खूप विचारतात. साइटमॅप म्हणजे तुमच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, यंत्रासाठी. एका फाइलीत ५०,००० पत्ते बसतात. आपली पानं किती? बारा! पाचशेच्या आतली पानं असतील आणि ती एकमेकांना नीट जोडलेली असतील, तर साइटमॅपची कदाचित गरजही नाही असं गूगल स्वतः सांगतं. द्या, नुकसान काही नाही, सर्च कन्सोलमध्ये पत्ता दिला की झालं. पण पहिल्या पानावरून खोल्यांच्या पानाला साधी लिंक नसेल, आणि ते नुसतं साइटमॅपमध्ये असेल, तर ते रस्त्याविना वाडीसारखं आहे. कागदावर आहे, जाणार कसं? बाहेरूनही एखादा रस्ता हवा. नव्या साइटला कोणाचीच लिंक नसते. तुमच्या गूगल बिझनेस प्रोफाइलवर आणि इन्स्टाग्रामच्या माहितीत पत्ता घाला, गावातल्या ट्रेकिंगवाल्याच्या पानावर तुमचं नाव येऊ द्या. विकत घेतलेल्या हजार लिंकांच्या फंदात पडू नका.

शेवटचा मुद्दा, पत्त्यात साल घालू नका. 'पावसाळा २०२४' असं पान केलं, पुढच्या वर्षी ते पुसून नवं केलं, की जुन्या पानाने वर्षभरात मिळवलेली ओळख गेली. पान 'पावसाळ्यात' एवढ्याच पत्त्यावर ठेवा आणि मजकूर बदलत जा. आपल्याकडे तर तो बदलावाच लागतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल पडला. अशा वेळी प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात आणि 'अमुक ठिकाण सुरू आहे का' हे हजारो लोक शोधतात. तुमच्या पानावर तेव्हा मागच्या वर्षीचं 'धबधब्यात भिजण्याचा आनंद घ्या' दिसता कामा नये. उलटही होतं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात आपला लोहगड आहे. ज्यांचं लोहगडाचं पान आधीपासून एकाच पत्त्यावर होतं, त्यांना एक परिच्छेद वाढवला की पुरे. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून ३०१ द्या, पान नुसतं पुसू नका.

(प्रश्नोत्तरं)

प्रश्न: ताई, एक जण दर महिना पैसे घेऊन पहिल्या नंबरवर आणून देतो म्हणतोय.

उत्तर: अशी हमी कोणालाच देता येत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय. त्याला विचारा, महिन्याला नेमकं काय काय करणार? उत्तरात 'मेटा कीवर्ड' आलं तर चहा पाजून परत पाठवा. गूगलने ते क्रमासाठी बघत नसल्याचं २००९ मध्येच सांगितलंय.

प्रश्न: आमचं डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर आहे. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, दादा. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवाल का? डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल, तिन्ही तुमच्या ईमेलवर घ्या. त्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या. त्याच्याशी भांडण झालं, त्याचा फोन बंद झाला, तो परदेशी गेला, तरी वेबसाइट तुमच्याकडे राहिली पाहिजे.

प्रश्न: आता गूगल वरच एआयचं उत्तर देतं. मग हे सगळं कशाला?

उत्तर: ते उत्तर गूगल त्याच वहीतल्या पानांवरून बनवतं. त्यात येण्यासाठी वेगळी तांत्रिक अट नाही, पण वहीत असणं ही अट आहेच. क्लिक कमी होतील का? काही पानांचे होतील. 'लोहगड किती उंच' याचं उत्तर वरच मिळाल्यावर कोणी तुमच्याकडे येणार नाही. पण 'शनिवारी चार जणांची खोली आहे का' हे तुम्हालाच विचारावं लागणार.

प्रश्न: काकांचं पुढे काय झालं?

उत्तर: टिक काढली, सर्च कन्सोलमधून पहिलं पान पुन्हा वाचायची विनंती केली. ते पान चार दिवसांत वहीत आलं, बाकीची यायला तीन आठवडे लागले. त्या चुकीच्या नंबरची तक्रार आम्ही वेगळी केली, तो हटायला जास्त वेळ लागला. तोवर गणपती होऊन गेले होते आणि पाऊसही ओसरला होता. पहिला फोन आला तो दिवाळीच्या सुट्टीसाठी, डोंबिवलीहून. काकांनी आधी त्यांनाच विचारलं, "तुम्हाला नंबर कुठून मिळाला?"